नवऱ्याचा क्लॅमिडियाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. मला काहीच त्रास नाही. मला लागण झाली असण्याची शक्यता किती?

क्लॅमिडिया हा शरीरसंबंधांतून पसरणारा जंतू. लागणीचा आकडाच हवा असेल तर १९९६ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका अभ्यासात पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) करून जोडप्यं तपासली होती. एकाला लागण असली तर दुसराही साधारण दोन-तृतीयांश वेळा पॉझिटिव्ह निघाला, आणि बाईकडून पुरुषाला काय किंवा पुरुषाकडून बाईला काय, प्रमाण जवळजवळ सारखंच. पण आपण उरलेल्या एक-तृतीयांशात असू या भरवशावर बसायचं नसतं.

'काहीच त्रास नाही' याला इथे काडीची किंमत नाही. बहुतेक बायकांना या जंतूचा पत्ताच लागत नाही. अंगावरून पांढरं जाणं, संबंधांनंतर रक्ताचा डाग, ओटीपोट दुखणं असं काही झालंच तरी 'उष्णता वाढली' म्हणून सब्जा भिजवला जातो. जंतू मात्र गर्भनलिकेपर्यंत चढतो, आणि तिथे व्रण धरला की तो कुठल्याच गोळीने जात नाही.

खरा राग येतो तो एकाच्याच नावाने चिठ्ठी लिहिणाऱ्यांचा. 'मिसेसना काही वाटलं तर आणा' एवढं बोलून पुढचा पेशंट आत! नवरा डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सात दिवस घेतो, बरा होतो, आणि पंधरवड्यात बायकोकडून जंतू परत घेतो. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही, असा हा आजार नव्हे. मग तीन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह आला की 'औषध लागू पडलं नाही' म्हणत आणखी महागडं अँटिबायोटिक. अहो, औषध लागू पडलं होतं, ते अर्ध्याच जोडप्याला दिलं होतं! सरकारी सुरक्षा क्लिनिकात (लैंगिक आजारांचा दवाखाना) करड्या रंगाचं किट (अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिग्रॅ, दोन्ही एकदाच) जोडीदारालाही देतात. तिथे जे कळतं ते बड्या कन्सल्टंटना कळू नये?

तेव्हा रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करून घ्या. संपर्काला दोन आठवडे झाले नसतील तर तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तपासणी करायची ती योनीच्या स्वॅबची, पीसीआरने. रक्तातली आयजीजी (अँटिबॉडीची तपासणी) करू नका; ती जुनी लागणही दाखवते, आजची आहे की नाही हे सांगत नाही. पुरुषाच्या लघवीत नेहमी होणारा घोळ म्हणजे कल्चरच्या (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीच्या) सवयीने मधली धार घेणं. इथे पहिली धार लागते, २०-३० मिली, आणि आधी तासभर लघवीला गेलेलं नसावं.

डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. दूध, अँटासिड, लोहाच्या गोळ्या त्याच वेळी नकोत. दोघांचेही सात दिवस पूर्ण होईपर्यंत संबंध बंद, निरोध लावूनसुद्धा. एकाने चार दिवस उशिरा सुरू केलं तर मोजणी त्याच्यापासून. लक्षणं दिसण्याआधीच्या किंवा निदानाआधीच्या ६० दिवसांत आणखी कुणाशी संबंध आला असेल तर त्या व्यक्तीलाही कळवायला हवं. हे नवऱ्याने करायचं काम आहे, तुम्ही फक्त पाठपुरावा करा.

आणि 'कुणी आणलं' हे भांडण रिपोर्टवरून सुटणार नाही. हा जंतू महिनोन् महिने गुपचूप राहतो. रिपोर्टवर लागणीची तारीख नसते, ती काढून देतो म्हणणारा थापा मारतो.

दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर मात्र डॉक्सिसायक्लिन नको. तेव्हा अझिथ्रोमायसिन १ ग्रॅमचा एकच डोस देतात आणि चार आठवड्यांनी तपासतात. इतरांनी त्याआधी तपासू नये, मेलेल्या जंतूंमुळेही पीसीआर पॉझिटिव्ह येतं. तीन महिन्यांनी दोघांनीही पुन्हा तपासणी करा. ताप आणि ओटीपोटात जोराची कळ असेल तर सात दिवसांचा कोर्स पुरत नाही, त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी उरकून घ्या. जवळचं सुरक्षा क्लिनिक कुठे आहे ते १०९७ वर फुकट सांगतात.