रात्र रात्र जागून नुसती वाक्यं बदलतो

पत्र : सांगलीच्या मार्केट यार्डात माझं हळदीचं अडत दुकान आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दोन महिने झाले, 'एनबीडी' नावाच्या कसल्याशा नियमावलीतली वाक्यं बदलत बसतो. पैसा नाही, सर्टिफिकेट नाही, प्लेसमेंट तोंडावर. त्याला थांबवू का? – एक पालक

उत्तर : थांबवू नका. एनबीडी म्हणजे दुसऱ्या मशीनवरची डिस्क नेटवर्कवरून आपल्या मशीनला जोडणं, जणू इथलीच आहे अशी. डेटा हलण्याआधी दोन्हीकडची बोलणी होतात : डिस्क कोणती, टीएलएस, म्हणजे वाटेत कोणी वाचू नये म्हणून डेटाला कुलूप, लावायचं का. सौद्याआधी तूट किती धरायची, पैसे किती दिवसांत, हे तुम्ही ठरवता तसंच. मुलगा या बोलण्यांचेच नियम दुरुस्त करतोय.

त्यात किती अडतं बघा. जुन्या 'एक्स्पोर्ट नेम' कमांडला सर्व्हरने, म्हणजे डिस्क देणाऱ्या मशीनने, नकार कळवायची सोयच नव्हती. डिस्कचं नाव चुकलं की तो सरळ कनेक्शन तोडायचा. नाव चुकलंय का नेटवर्क गेलंय, हे समोरच्याला कळायचं कसं? म्हणून पुढे 'गो' कमांड आली. तिच्या उत्तरात चूक काय ते येतं आणि बोलणी चालू राहतात. पण जुने क्लायंट, म्हणजे डिस्क मागणारे प्रोग्रॅम, आहेत म्हटल्यावर जुनी कमांडही सांभाळावी लागते. तिच्या उत्तरामागे तर 124 शून्य बाइट नुसते जागा भरायला येतात. दोघांनी आधी 'नको' ठरवलं तरच थांबतात! हे सगळं न मोडता नवं वाक्य बसवायचं. त्यात 'मस्ट' लिहिलं तर ते बंधनकारक, 'शुड' लिहिलं तर सबळ कारण असल्यास सोडता येतं. इंटरनेटच्या नियमांचे जे दस्तऐवज असतात, त्यांतल्या 1997च्या आरएफसी 2119ने हे अर्थ ठरवून दिलेत. एका शब्दापायी कुणाचा तरी चालू सर्व्हर नियमाबाहेर जाऊ शकतो. याला इंग्रजी सुधारणं म्हणत नाहीत.

मात्र नुसत्या वाक्यांवर नोकरी मिळत नाही. नियम बदलला की त्याप्रमाणे चालणारा कोडही त्याने लिहावा, क्यूईएमयू किंवा एनबीडीकिट या एनबीडी वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणाऱ्या वायरशार्कवर ती बोलणी पकडून दाखवता यावीत. बायोडेटात 'ओपन सोर्समध्ये योगदान' असलं मोघम नको. कमांड कोणती, आधी काय अडत होतं, याने काय बदललं, एवढ्या दोन ओळी पुरेत. आणि रोज दोन तास ॲप्टिट्यूड. कँपसची पहिली चाळण बहुधा तीच असते, तिथे एनबीडी कोणी विचारत नाही.

अशा दुरुस्त्यांवर उत्तर यायला कधी आठवडे लागतात, कधी त्या साफ परत येतात. त्या दिवशी जेवताना 'काय मिळवलंस' तेवढं विचारू नका.