शेजारी खड्डा आणि आपली भिंत : वाचकांचे प्रश्न

शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी 4 मीटर खोदाई होणार आहे. आमचं जुनं चिरेबंदी घर तिथून 2 मीटरवर. ‘खाली कातळ आहे, काही होत नाही,’ असं ठेकेदार म्हणतो. (रत्नागिरी)

कातळावर इतका भरवसा नको. वरचा जांभा कडक असला तरी बऱ्याच ठिकाणी त्याखाली मऊ चिकणमाती लागते. आधी बोअर (खालचे थर तपासायला खोल भोक) घ्यायला लावा.

तुमच्या पायाच्या कडेपासून 45 अंशांत खाली रेषा काढा. पाया मीटरभर खोल असेल तर ती 3 मीटर खोलीवर खड्ड्याला भिडते. म्हणजे घराचा भार त्यांच्या खड्ड्याच्या भिंतीवर येणारच. तो डिझाइनमध्ये धरलाय का, विचारा. दुसरं, मातीचा आडवा दाब उभ्या दाबाच्या एक तृतीयांश धरायची पद्धत आहे, पण तो भिंत किंचित पुढे झुकली तरच खरा. इथे झुकणं परवडणार नाही, तेव्हा उभ्या दाबाच्या निम्मा धरायला हवा. आधी पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब), मग खोदाई, उतरता उतरता आडवे टेकू, हाच क्रम. काम सुरू होण्याआधी घरातल्या तड्यांचे तारखेसह फोटो काढा.

डोंगर कापून घरामागे 4 मीटरची भिंत बांधली. गणपतीपर्यंत तिचं पोट पुढे येतं. जाडी वाढवू का? (चिपळूण)

नको, पाणी काढा. कोरड्या मातीचा तळाशी दाब चौरस मीटरला साधारण अडीच टन. मागे माथ्यापर्यंत पाणी तुंबलं की पाण्याचाच 4 टन, शिवाय बुडालेल्या मातीचा टनभर. दुप्पट झाला! आपल्याकडच्या पावसात हे दरवर्षी घडणार. फुगलेला भाग प्लास्टरने झाकू नका. दिवाळीनंतर तुकड्यातुकड्याने उतरवून पुन्हा बांधा. मागे फूटभर खडी, मातीकडून जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), तळाशी छिद्रांचा पाइप आणि भिंतीत पाणी जायला भोकं. माथ्यावर गटार हवंच, डोंगराचं पाणी भिंतीमागे उतरूच नये.

खाडीकाठी आमच्या खड्ड्यात पंप लावला की शेजाऱ्यांची फरशी खचते. (अलिबाग)

पाण्याची पातळी उतरली की खाडीची चिकणमाती दबते, म्हणून. खड्ड्याभोवती पाणी अडवणारी शीट पाइलची (एकमेकांत अडकवून जमिनीत ठोकलेल्या पत्र्यांची) भिंत खालच्या घट्ट थरापर्यंत न्यावी लागेल. तोवर पंपाचं पाणी बादलीत धरून पाहा. तळाला वाळू बसली तर शेजाऱ्यांच्या पायाखालची माती वाहून येत असू शकते. उपसा थांबवून त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा.