माझ्या गेममध्ये तोफेआधी पंचांग बघावं लागेल

तुम्ही विचारलंय की इतिहासावरचा स्ट्रॅटेजी गेम बनवायची संधी मिळाली, तर आजवर फारसा कुणी न घेतलेला कुठला प्रदेश घ्याल, आणि खेळणाऱ्याला तिथे करायला काय असेल.

माझं उत्तर ठरलेलं आहे: मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा कोकण किनारा, १६७९ ते १७५६. मी अलिबागचा, त्यामुळे यात गाववाल्याचा हट्ट आहेच. पण शाळेत असल्यापासून हे गेम खेळतोय आणि दर वेळी तेच बघतोय. मराठे म्हणजे घोडदळ, आणि कोकण म्हणजे घाटाखाली उरलेली हिरवी किनार. तिथे एक बंदर बांधायचं आणि युरोपातलीच जहाजं भगवं निशाण लावून पाण्यात सोडायची. झालं मराठ्यांचं आरमार!

माझ्या नकाशात उलटं असेल. समुद्र मधोमध, जमीन कडेला. पुणे-सातारा वर कोपऱ्यात. तिकडून फक्त पत्रं येतील, आणि बहुतेक पत्रांत पैसे मागितलेले असतील.

आता पंचांगाचं सांगतो. कुलाब्याचा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, तीनला भरती; त्याच्या सहा तास आधी, नऊला, पूर्ण ओहोटी. कॉलेजात असताना आम्ही चौघे अशाच एका चतुर्थीला साडेनऊला किल्ल्यात गेलो आणि साडेअकरापर्यंत रमलो. परत निघालो तेव्हा पाणी घोट्याला होतं, मध्यावर आलो तर कमरेला. चपला हातात, मोबाइल डोक्यावर, आणि बाजूने घोडागाडीवाला "अजून बसा आत!" म्हणून ओरडतोय. तेवढ्यात डोक्यात आलं की हा किल्ला दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा होत नाही, आणि असं मी एकाही गेममध्ये पाहिलेलं नाही.

म्हणून माझ्या गेममध्ये वेळ दाखवणारा काटा नसेल, फक्त तिथी. पाऊणपट तुम्ही करायची. चुकलात तर पायदळ वाळूवर असतानाच पाणी येईल.

वाऱ्याचंही तसंच. पहाटे जमिनीकडून मतलई सुटतो, त्यावर बाहेर पडायचं. दुपारी खारा वारा भरला की आत यायचं. आणि ज्येष्ठाच्या सुरुवातीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. नावा वर ओढून झापांनी शाकारलेल्या. खेळणाऱ्याला हे तीन महिने कंटाळवाणे वाटतील अशी माझ्या भावाची खात्री आहे. मला उलट वाटतं. पावसाळ्यात गोदीची कामं, सागाची जुळवाजुळव, वकील पाठवणं, कुणाच्या मुलीला मागणी घालणं, भावाभावांतली भांडणं, सगळं तेव्हाच. लढाई आठ-नऊ महिने, राजकारण तीन. शिवाय हंगाम सरत आला की जी घाई होते, ती गेमला फार पोषक आहे. १७५५ मध्ये इंग्रजांनी सुवर्णदुर्ग घेतला तो पावसाच्या तोंडावर. विजयदुर्गावर यायला त्यांना पुढचा हंगाम उजाडावा लागला, १७५६ चा फेब्रुवारी. मधला पावसाळा विजयदुर्ग राखणाऱ्या तुळाजी आंग्र्यांच्या हातात होता. त्यात तुम्ही काय केलं असतं, हाच खेळ.

शिकवणीचा पहिला डाव खांदेरीचा. १६७९, अलिबागजवळच्या थळच्या समोर समुद्रात एक खडकाळ बेट. शिवाजी महाराजांचा माणूस मायनाक भंडारी त्यावर तटबंदी उभारायला घेतो. मुंबईचे इंग्रज म्हणतात बेट आमचं, आणि गलबतं-जहाजं घेऊन वेढा घालतात. पाठोपाठ जंजिऱ्याचा सिद्दीही येतो. त्यांची जहाजं मोठी, तोफा जास्त. तुमच्याकडे उथळ पाण्यात चालणाऱ्या छोट्या होड्या, ज्या रात्री वेढ्यातून निसटून दगड, माणसं आणि दाणागोटा पोचवतात. या डावात कुणाला बुडवायचं नाही, भिंत पुरी करायची. भिंत पुरी झाली की तुम्ही जिंकलात, आणि लगेच सिद्दी शेजारचं उंदेरी बेट बळकावून बसतो. प्रत्यक्षात तसंच झालं.

मग कान्होजी आंग्रे, आणि गेमचा गाभा: दस्तक, म्हणजे परवाना. या पाण्यातून माल न्यायचा तर आंग्र्यांचं दस्तक घ्यावं लागे. पोर्तुगीज आपल्या परवान्यांचा असाच आग्रह जवळजवळ दोनशे वर्षं आधीपासून धरत होते, तेव्हा कल्पना काही नवीन नव्हती. इंग्रजांनी मात्र ते मानलं नाही, आणि न मानणाऱ्याचं जहाज धरलं की कान्होजी त्यांच्या दप्तरात समुद्री चाचा, म्हणजे लुटारू. खेळणाऱ्याने दस्तकाचा दर ठरवायचा. चढा ठेवला तर व्यापारी दुसऱ्या बंदराकडे वळतील, उतरवला तर खलाशांचा पगार थकेल. आणि एकच घटना दोन वह्यांत दोन तऱ्हेने नोंदली जाईल: तुमच्या वहीत 'जकात वसूल', मुंबईच्या वहीत 'चाचेगिरी'. इंग्रजांकडून खेळाल तर तुम्हाला दुसरीच वही दिसेल, पहिली आहे हेसुद्धा कळणार नाही.

लढाईचं फार सांगत नाही. गुराबांच्या, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजांच्या, नाळेवर (पुढच्या टोकावर) तोफा, आणि वल्ह्यांची गलबतं. वारा पडला की गलबतांनी गुराबा ओढत न्यायच्या आणि मोठ्या जहाजाला मागून गाठायचं, कारण तिथे त्याच्या तोफा कमी. निभावलं नाही तर खाडीत शिरायचं. मोठं जहाज तोंडाशीच अडकतं. एवढं नीट जमवलं तरी पुष्कळ.

शत्रूपक्षही मला दुबळे नकोत. मुंबईचे इंग्रज सुरुवातीला अगदीच लहान आहेत. राजाकडून वर्षाला १० पौंडांनी घेतलेली बेटं, आणि जळणफाट्यापासून सगळ्यासाठी तोंड समोरच्या किनाऱ्याकडे. पोर्तुगीजांकडे गोवा, चौल, वसई. नकाशात ऐसपैस, पण माणूसबळ थोडं. १७२१ मध्ये हे दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले. बाजीराव फौज घेऊन उतरल्यावर पोर्तुगीजांनी परस्पर तह उरकला आणि इंग्रज चडफडत माघारी गेले. दोस्ताला मधूनच फोडायची सोय गेममध्ये हवीच.

पण खरा घोळ घरातलाच. १७२९ मध्ये कान्होजी गेले. थोरले चिरंजीव सेखोजी चार वर्षांत वारले. मग धाकटे भाऊ संभाजी आणि मानाजी भांडले, आणि १७३५ मध्ये बाजीरावाने वाटणी करून दिली: विजयदुर्ग आणि सरखेलपद (आरमारप्रमुखपद) संभाजीला, कुलाबा आणि वजारतमाआब किताब मानाजीला. गेममध्ये हा प्रसंग आला की तुमचं आरमार खरोखर दोन ढिगांत पडेल, आणि दुसरा ढीग संगणक चालवेल. पुढे संभाजीनंतर आलेला भाऊ तुळाजी कुणालाच जुमानेना, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांचीच मदत घेतली. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार एका दुपारी जळून गेलं.

आता पेशव्यांकडून खेळणाऱ्याचं बघा. तुळाजी पडला की पडद्यावर 'विजय' असं झळकेल, गुणही भरपूर मिळतील. पण गेम तिथे थांबवायचा नाही, आणखी एक हंगाम खेळायला लावायचा. नारळी पौर्णिमा येते, सोन्याचा नारळ दर्याला जातो, सकाळी मतलई सुटतो. मुंबईची जहाजं समोरून जातात, आणि दस्तक विचारायला पाठवावी अशी गुराब यादीत एकही नसते.

राहता राहिलं, मी स्वतः कुणाकडून खेळेन? घरी सांगू नका, पण जंजिऱ्याच्या सिद्दीकडून. एक बेट, चार बाजूंनी शत्रू, आज मोगलांशी गोडी, उद्या इंग्रजांशी. शिवाजी महाराजांपासून पेशव्यांपर्यंत सगळ्यांनी प्रयत्न करून झाले, तरी किल्ला हाती आला नाही; संस्थान थेट १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. असा पक्ष मिळाल्यावर घोडदळ कोण घेतो? आणि मायनाक भंडाऱ्याने बांधलेल्या खांदेरीसमोर उंदेरीवर तोफा चढवून बसायचं, हे अलिबागकराला एकदा तरी करून बघायचंच असतं.