मिनेसोटाच्या हिवाळ्यात कोंबड्या: हीट लॅम्प लावायचा का?

मिनियापोलिसजवळ पहिलाच हिवाळा, परसात ऑर्पिंग्टन जातीच्या चार आणि पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या दोन कोंबड्या. हीट लॅम्प लावावा का, बर्फ पडल्यापासून त्या बाहेर का येत नाहीत आणि एकमेकींची पिसं का उपटतायत, असं तुम्ही विचारलंय.

आधी लॅम्पचं. कृपा करून लावू नका. अडीचशे वॅटचा तो लाल दिवा कोरड्या भुशात पडला, किंवा एखादी कोंबडी उडून त्याच्यावर आदळली, की खुराडं पेटतं. दर हिवाळ्यात अशा आगी लागतात. शिवाय वीज गेली तर उबेची सवय लागलेल्या कोंबड्या एकाएकी कडाक्याच्या थंडीत सापडतात. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळात सुमारे ४१ अंश सेल्सिअस. पिसं फुलवून बसली की आत हवा कोंडली जाते आणि ती तिची रजई होते. ऑर्पिंग्टन तर पिसांनी भरगच्च असतात.

खरी भीती दमटपणाची. रात्रभर सहा जणींचा श्वास आणि विष्ठा यांतून खूप वाफ निघते. ‘ऊब राहू दे’ म्हणून आपण फटी बुजवल्या की तीच वाफ तुऱ्यावर बसून गोठते आणि तुऱ्याची टोकं काळी पडतात. म्हणून छपराजवळ, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्याच्या बरंच वर, झरोके उघडे ठेवा. वाऱ्याचा झोत मात्र त्यांच्या अंगावर यायला नको. सकाळी खिडकीला आतून बर्फाची नक्षी दिसली तर झरोके अपुरे आहेत असं समजा. खाली उकिडवं बसून वास घ्या. डोळ्यांना झोंबलं तर अमोनिया साठलाय. पाण्याचं भांडंही रात्री आत ठेवू नका, अंधारात त्या पीत नाहीत आणि ओल मात्र वाढते.

दांडीसाठी टू-बाय-फोरची, म्हणजे साधारण दोन बाय चार इंची लाकडी पट्टीची, रुंद बाजू वर करा. सपाट जागेवर बसल्या की पोटाची पिसं बोटांवर येतात. खाली पाइनच्या भुशाची आठ-दहा इंच गादी घाला. ती उकरली जायला हवी, आणि ते काम कोंबड्यांकडूनच करून घ्यायचं. संध्याकाळी झोपायच्या तासभर आधी मूठभर मका भुशात उधळा. गादी हलते, आणि मका पचताना रात्री अंगात ऊबही राहते. मूठभरच हं, रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको. बाकी लेअर फीड, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणि शिंपल्यांचा चुरा कायम समोर असू दे.

बाहेर न येण्याचं मला नवल वाटत नाही. पांढऱ्या बर्फावर पाय ठेवायला कोंबड्या बिचकतात. दारापासून फावड्याने वाट काढा आणि तिच्यावर गवताचा पेंढा पसरा. बाहेरच्या जाळीला वाऱ्याच्या बाजूने जाड पारदर्शक प्लॅस्टिक लावलंत, तर ऊन आत येतं, वारा अडतो, आणि दुपारी त्या आपणहून तिथे जाऊन बसतात. एका कोपऱ्यात टबभर कोरडी माती आणि वाळू ठेवा. चुलीची निव्वळ लाकडाची राख असेल तर थोडी मिसळा. मातीत लोळायला मिळालं की कोंबडीचा जीव खरोखर रमतो, आणि उवाही कमी होतात.

पिसं उपटण्यामागे बहुधा गर्दी आणि रिकामपण आहे. खुराड्यात दर कोंबडीला निदान चार चौरस फूट जागा हवी. अख्खा कोबी चोच वर करावी लागेल इतक्या उंचीवर टांगा, ओंडके ठेवा, मोड आलेले मूग द्या. ते तर आपल्या घरात असतातच. कच्चा राजमा मात्र कधीही देऊ नका, तो विषारी असतो. नुकतीच पीसगळ झाली असेल तर काही आठवडे जास्त प्रथिनांचं खाद्य द्या, कारण पिसं बहुतांशी प्रथिनांचीच असतात. आधी शेपटीखाली उवा आहेत का ते तपासा. जिला रक्त आलंय तिला आजच वेगळी करा. लाल रंग दिसला की बाकीच्या टोचायच्या थांबत नाहीत.

अंडी कमी झाली म्हणून घाबरू नका. डिसेंबरात तुमच्याकडे दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो आणि अंड्यांसाठी चौदा-एक तास उजेड लागतो. मी जादा दिवा लावत नाही, त्यांना विसावा मिळू देते. तुम्हाला लावायचाच असेल तर छोटा एलईडी पहाटे लावा. संध्याकाळी दिवा अचानक विझला तर दांडीवर न चढलेल्या अंधारात अडकतात.

पाण्याला थर्मोस्टॅटची गरम तबकडी हाच एक विजेचा खर्च मी आवश्यक मानते. ती धातूच्या भांड्याखालीच ठेवायची.

तुमच्या दोन लेगहॉर्नकडे रोज सकाळी नीट बघा, कारण त्यांचा तुरा मोठा असतो आणि आधी तोच गोठतो. टोक पांढुरकं झालं तर चोळू नका, शेकू नका. कोरड्या, जरा कमी थंड जागी ठेवा. काळं पडलेलं कापू नका, ते आपोआप गळतं. वसंतात नवी पिल्लं आणणार असाल तर शॉन्तक्लेअर शोधा. क्वेबेकमधल्या ओका इथल्या एका मठवासी ब्रदरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या थंडीसाठीच ही जात तयार केली. तिचा तुरा इतका छोटा असतो की गोठायला फारसं काही उरतच नाही.