वाचक विचारतात : सोफ्यामागचा चपटा सबवूफर घुमतो

प्रश्न : काका, सोफ्यामागे बसेल असा चपटा सबवूफर (फक्त खालचे, जड सूर वाजवणारा स्पीकरचा डबा) घरीच केला. आतून 60 बाय 45 सेंटीमीटर, खोली 12. फळ्या 12 मिलिमीटर एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या), डबा बंद, वूफर, म्हणजे आतला स्पीकर, 10 इंची, चपट्या बांधणीचा, 8 सेंटीमीटर खोल. ढोलकी छान वाजते, पण काही ठरावीक सुरांवर सगळा डबाच घुमतो. आत आणखी कापूस भरू, की वर वाळूची पिशवी ठेवू?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : कापूस आपल्याकडे रग्गड पिकतो म्हणून भरू नका. कापूस हवेला आवरतो, फळीला नाही. तुमच्या मागच्या फळीला मधे कुठे आधारच नाही, अन् वूफर तिला आतून सारखा ढकलतोय. वाळूच्या पिशवीनं वरची पट्टी दबेल, पाठ तशीच घुमत राहील.

18 ची फळी घेतली असती तर ती 12 च्या सुमारे 3.4 पट ताठ झाली असती, कारण ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. पण झालेला डबा मोडायची गरज नाही. पुढची आणि मागची फळी एकमेकींना बांधा, म्हणजे फळीचा घुमण्याचा सूर वर सरकतो आणि वूफर वाजवतो त्या सुरांच्या पट्ट्याबाहेर जातो.

कुठे बांधायचं, ते ज्वारी सांगेल. डबा दोन विटांवर पालथा ठेवा, वूफर खाली, पाठ वर. पाठीवर मूठभर ज्वारी पसरा आणि मोबाइलवरून वूफरवर 40 ते 200 हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत न्या. दाणे जिथं सगळ्यात जास्त नाचतील तिथं खडूनं खूण करा. मग वूफर काढून त्याच्याच भोकातून हात घाला आणि 4 बाय 4 सेंटीमीटरचे तीन लाकडी ठोकळे दोन्ही फळ्यांच्या मधे उभे करा. एक खुणेजवळ, पण फळीच्या बरोबर मध्यावर नको, जरा बाजूला. बाकीचे दोन कमी-जास्त अंतरावर. सारखे भाग पडले तर सगळे भाग एकाच सुरावर घुमतात. तिन्ही ठोकळे मिळून जेमतेम अर्धा-पाऊण लिटर जागा खातील. डबा 32 लिटरचा आहे, त्याला काही कळणारही नाही. फक्त वूफरच्या चुंबकामागची जागा मोकळी राहू द्या.

ठोकळा आत किंचित आवळून बसला पाहिजे, हलक्या ठोक्यानं सरकेल इतपत. हे मी शिकलो ते फजिती होऊन. माझ्या पहिल्या चपट्या डब्यात ठोकळा दोन मिलिमीटर तोकडा पडला आणि मी फटीत फेव्हिकॉल ओतला. वाळल्यावर तो आक्रसला. महिन्याभरात खर्रखर्र सुरू. आठवडाभर मी स्वयंपाकघरातल्या मांडणीला दोष देत होतो. एकेक ताट, एकेक वाटी खाली उतरवली. बायको म्हणाली, "आता भिंत पण उतरवा."

दोन्ही टोकांना फेव्हिकॉल लावा, बाहेरून आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू आवळा, नाहीतर ठोकळा चिरतो. रात्रभर वाळू द्या. मग बोटाच्या पेरानं पाठ ठोकून बघा. आधी 'ढब' यायचं, आता 'ठक' आलं पाहिजे.

प्रश्न : जुनं माळवद उतरवलं, त्यातल्या सागवानी फळ्या निघाल्यात. त्यांचाच डबा करू का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पूर्ण डबा नको. लाकूड पावसाळ्यात फुगतं, वैशाखात आक्रसतं, सांधे उघडतात. डब्याला 18 चा प्लाय घ्या. आतल्या ठोकळ्यांना मात्र त्या सागासारखं दुसरं काही नाही, इतकी वर्षं वाळलेलं लाकूड विकत मिळत नाही. रंधा मारण्याआधी खिळे तेवढे शोधून काढा.

डबा बंद झाला की वूफरचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, चारी बोटं सारखी टेकवून अलगद आत दाबा, क्षणभर तसाच धरा आणि सोडा. सावकाश परत आला तर सांधे घट्ट. झटकन आला तर खालचा सूर लावून पेटती उदबत्ती सांध्यांवरून फिरवा, धूर थरथरेल तिथं फट.