कॅन्सरची पॉलिसी थांबू द्या, आधी युरॉलॉजिस्टकडे जा

प्रश्न : वय ५२, नाशिकला सिडकोत राहतो, अंबडच्या कारखान्यात पेंट शॉपला आहे. मेव्हण्यांना मूत्राशयाचा कॅन्सर निघाल्यापासून घरात धास्ती आहे. एजंटने १० लाखांची कॅन्सर पॉलिसी सुचवली आहे. वर्षाला ४८ हजार, १५ वर्षं, काही झालं नाही तर सगळे पैसे परत. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडू का? उन्हाळ्यात माझी लघवी दोनदा लाल झाली होती, पण दुखलं नाही, आपोआप थांबलं. एजंट म्हणतो, ते आणि सिगारेट फॉर्मवर लिहू नका.

उत्तर : एफडी मोडू नका. वर्षाला ४८ हजार म्हणजे १५ वर्षांत ७ लाख २० हजार. तेच पैसे ७ टक्क्यांनी ठेवले तर १३ लाखांच्या जवळ जातात. 'सगळे पैसे परत' म्हणत ही पॉलिसी तुमचं साडेपाच लाखांहून जास्त व्याज खाते. यावर याहून जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही.

मला काळजी वाटते ती लाल लघवीची. न दुखता लघवीतून रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात नेहमीचं पहिलं लक्षण आहे. दुखलं नाही म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात. रक्त थांबलं यालाही अर्थ नाही, ते महिनोन् महिने दिसत नाही आणि पुन्हा येतं. कारण मुतखडा, संसर्ग किंवा प्रोस्टेटही असू शकेल, पण ते उन्हाळ्यावर ढकलून ठरत नाही.

त्यात तुमची बाजू अवघड आहे. पुरुषांत मूत्राशयाच्या कॅन्सरचं प्रमाण बायकांच्या तिप्पट-चौपट. निम्म्याच्या आसपास रुग्णांत मूळ तंबाखूच्या धुरात असतं, कारण त्यातली विषारी द्रव्यं रक्तातून गाळून मूत्राशयात साठतात. रंगकाम हा व्यवसायही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॅन्सरकारक ठरवला आहे. सिगारेट, पेंट शॉप, पन्नाशी आणि रक्त, चारही तुमच्या एकाच पत्रात आहेत.

लघवीची तपासणी काहीशे रुपयांत होते, सोनोग्राफी हजार-दोन हजारांत. सोनोग्राफी स्वच्छ आली तरी डॉक्टर दुर्बिणीची तपासणी (लघवीच्या मार्गातून बारीक नळी घालून मूत्राशय आतून पाहणं) सांगतील, ती टाळू नका. या आठवड्यात युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडे जा, आणि पेंट शॉपला काम करता हे त्यांना आवर्जून सांगा.

आता एजंटबद्दल. लक्षण लपवायला सांगणारा माणूस तुम्हाला संरक्षण विकत नाही, पुढे नाकारला जाणारा क्लेम विकतो. फॉर्मवर सही तुमची असते, त्याची नसते. शिवाय निदान झाल्यावर ठरलेली रक्कम देणाऱ्या 'गंभीर आजार' पॉलिसीतली कॅन्सरची ठरलेली व्याख्या वाचा. मूत्राशयाच्या अस्तरापुरता मर्यादित असलेला टीए टप्प्याचा, अंकुरासारखा वाढणारा कॅन्सर त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. निदानाच्या वेळी चारपैकी तीन रुग्णांत आजार स्नायूपर्यंत पोचलेला नसतो आणि त्यातले बरेच याच टप्प्यात असतात. तुमची पॉलिसीही याच व्याख्येवर असेल तर त्यांना १० लाखांतला रुपयाही नाही. खर्च मात्र त्यांनाही चुकत नाही. हा आजार वारंवार उलटतो, म्हणून दुर्बिणीने गाठ काढल्यावर अनेकांना मूत्राशयात बीसीजी (क्षयाच्या लसीतलंच औषध) सोडावं लागतं आणि वर्षानुवर्षं दुर्बिणीची तपासणी चालू राहते. असा लांबत जाणारा खर्च हॉस्पिटलचं बिल भरणारी साधी आरोग्य पॉलिसीच पेलते, आणि तिच्यातही भरती न होता केलेल्या तपासण्यांचा खर्च बहुधा खिशातून जातो.

रिपोर्ट स्वच्छ आले तर नवरा-बायको दोघांची मिळून १० लाखांची आरोग्य पॉलिसी घ्या, सिगारेट आणि रक्त दोन्ही लिहून. प्रीमियम साधारण ३० हजार धरा, थोडा चढा लागला तरी चालेल. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्यांचा क्लेम मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. आज घेतली तर ५५ ला संपेल, म्हणजे कंपनीचं कव्हर निवृत्तीबरोबर सुटायच्या आत. काही निघालंच तर नोकरी सोडायची घाई करू नका, कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत जुने आजारही बहुधा धरलेले असतात. एचआरकडून रक्कम आणि अटी लेखी मागून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्याचं कार्ड रेशन कार्ड घेऊन आत्ताच काढून ठेवा.