कोड हरवला, पण तो आहे कुणाकडे?

प्रश्न : मिस्त्री, रामराम. मी तासगावचा द्राक्षबागायतदार. थोरला मुलगा अमेरिकेत टेक्सासात असतो. दोन महिन्यांपूर्वी त्यानं जुना फोर्ड एफ-१५० पिकअप घेतला, २०१६ सालचा. ड्रायव्हरच्या दारावर पाच बटणांची पट्टी आहे, आकडे दाबले की दार उघडतं म्हणे. पण कोडच नाही. ज्याच्याकडून गाडी घेतली त्यानंही ती दुसऱ्याकडून घेतलेली, त्याला कोड ठाऊक नाही. गेल्या आठवड्यात मुलाची किल्ली आत राहिली आणि दार लागलं. दुसरी किल्ली घरी, घर लांब. दोन तास उन्हात उभा होता, शेवटी कुलूपवाल्याला बोलावून पैसे मोजले. आता म्हणतो, "आबा, सगळे आकडे एकेक करून दाबून बघू का?" तुम्ही आखातात अशा गाड्यांवर काम केल्याचं तुमच्या मागच्या एका उत्तरात वाचलं, म्हणून विचारतो.
– एक वाचक, तासगाव

उत्तर : दादा, रामराम. आधी पोराला फोन करून सांगा, बटणं दाबत बसू नकोस.

त्या पट्टीवर प्रत्येक बटणाला दोन आकडे असतात : १-२, ३-४, ५-६, ७-८, ९-०. कोड पाच आकडी. पण गाडीला आकडा कळत नाही, बटण कळतं. १३५७९ दाबा नाहीतर २४६८० दाबा, गाडीच्या लेखी दोन्ही एकच. म्हणून कोड एक लाख होत नाहीत, ३,१२५ होतात. ऐकायला हे थोडं वाटतं आणि तिथंच माणूस फसतो. सात वेळा कोड चुकला, म्हणजे ३५ वेळा बटण दाबून झालं, की पट्टी एक मिनिट झोपी जाते. सगळे कोड दाबून बघायचे तर नुसती ही मिनिटं मोजली तरी सात तासांच्या वर जातात, दाबण्याचा वेळ निराळा. परमुलखात एक माणूस दिवसभर गाडीच्या दाराशी उभा राहून बटणं दाबतोय हे शेजाऱ्यांनी पाहिलं तर पोलीस येतील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

आणि एवढा खटाटोप करायचं कारणही नाही. त्याच्याकडे दोन किल्ल्या आहेत, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य. दोन्ही किल्ल्या त्या गाडीला ओळखीच्या असतील, तर कोड गाडीच सांगते.

खोचायची किल्ली असेल तर असं करायचं. पहिली किल्ली घालून इग्निशन ऑन करायचं, इंजिन चालू करायचं नाही. चार-पाच सेकंद थांबून बंद करायचं, किल्ली काढायची आणि लगेच दुसरी घालून ऑन करायचं. डॅशबोर्डवर काट्यांच्या मधे जो छोटा पडदा असतो त्यावर आधी दाराचा, पट्ट्याचा, कसला कसला इशारा येईल. तो सरला की पाच आकडे दिसतात. काही सेकंदच दिसतात, म्हणून मोबाईलचा कॅमेरा आधीच लावून ठेवायला सांगा. बटण दाबून चालू होणारी गाडी असेल तर किल्ली खोचायची नसते. आत एक खास खाच दिलेली असते, किल्लीचा सेल संपला तर ठेवायला. पहिली किल्ली त्या खाचेत ठेवून बटण दाबायचं, पाच सेकंदांनी पुन्हा दाबून बंद करायचं, आणि दहा सेकंदांच्या आत तिथं दुसरी ठेवून परत दाबायचं. खाच कुठं आहे ते गाडीच्या पुस्तकात चित्रासकट असतं.

दोन्ही किल्ल्या खिशात ठेवून हे करू नये. एक हातात, दुसरी दूर कुणाकडे तरी. कुवेतला असताना माझा पहिला अर्धा दिवस याच चुकीत गेला होता.

पडदा काहीच बोलला नाही, तर कंपनीच्या अधिकृत शोरूममध्ये जायचं. गाडी नावावर असल्याचा कागद आणि स्वतःचं ओळखपत्र दाखवलं की ते गाडीला मशीन जोडून कोड काढून देतात. पैसे घेतील, पण काम पक्कं. इंटरनेटवर "चेसिस नंबर पाठवा, कोड देतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादाला लागू नये. बारीक विचार करा, आपल्या गाडीचा नंबर आणि दाराचा कोड अशा दोन्ही गोष्टी आपण अनोळखी माणसाच्या हातात एकत्र ठेवतो.

फोर्डच्या आणखी जुन्या गाड्यांत कोडचा शिक्का आतल्या इलेक्ट्रॉनिक डब्यावरच्या स्टिकरवर सापडायचा. ही पट्टी काही आजची नाही, १९८० पासून फोर्डच्या गाड्यांवर आहे. सालाप्रमाणे डब्याची जागा बदलायची. कुवेतला मी पायाशेजारचं प्लॅस्टिक उघडून, दातांत टॉर्च धरून, उलटं डोकं घालून ते पाच आकडे वाचलेत. मुलाला त्या वाटेनं जायची गरज पडू नये.

एवढं तुम्ही विचारलं होतंत. आता तुम्ही न विचारलेलं सांगतो, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

तुमच्या पोराला कोड माहीत नाही, ही अडचण दोन तास उन्हात उभं राहण्याएवढी. पण त्या गाडीचे कोड कुणाला माहीत आहेत? गाडी किमान दोन घरं फिरून आलीय. कंपनीचा कोड गाडीबरोबर एका छोट्या कार्डावर छापून येतो, एटीएम कार्डाएवढ्या. ते कार्ड डॅशबोर्डच्या कप्प्यात नसलं, तर कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आहे. त्याशिवाय मालक आपापला निराळा कोडही टाकू शकतो, बायकोला एक, पोराला एक. गाडी विकली तरी ते कोड गाडीत जिवंतच राहतात.

म्हणून कंपनीचा कोड हाती आला की त्याच दिवशी जुने कोड पुसायचे. कंपनीचा कोड दाबायचा, पाच सेकंदांच्या आत १-२चं बटण एकदा दाबून सोडायचं, आणि लगेच तेच बटण दोन सेकंद दाबून धरायचं. आधीच्या लोकांनी टाकलेले सगळे कोड गेले. मग स्वतःचा टाकायचा : कंपनीचा कोड, पाच सेकंदांत १-२, मग आपले पाच आकडे, आणि शेवटी पुन्हा १-२. दारं एकदा लागून उघडली की समजायचं, घेतला. जन्मसाल टाकू नको म्हणावं.

पण कंपनीचा मूळ कोड काही केल्या पुसता येत नाही. आपण आपला टाकला तरी तो चालूच राहतो. तेव्हा ते हरवलेलं कार्ड ज्याच्याकडे असेल त्याला ते दार कायमच उघडता येईल. इंजिन चालू होणार नाही, त्याला किल्लीतली चिप लागते. पण आत ठेवलेली हत्यारं, कागदपत्रं, लॅपटॉप, हे सगळं दारामागेच असतं. पट्टीवर विसंबून गाडीत मौल्यवान काही ठेवू नये, एवढं त्याला निक्षून सांगा.

आणखी एक. पडद्यावरच्या मेन्यूत 'मायकी' नावाचा भाग असतो. त्यात या गाडीला किती मुख्य किल्ल्या जोडलेल्या आहेत तो आकडा दिसतो. दोन दिसला तर निश्चिंत. तीन दिसला, तर तिसरी किल्ली कुणाच्या तरी खिशात आहे, आणि त्या किल्लीनं इंजिनही चालू होतं. मग शोरूममध्ये जाऊन सगळ्या किल्ल्या पुसून आपल्या दोनच पुन्हा जोडून घ्यायच्या. हे टाळू नये.

कुवेतची एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. तिथली धूळ मैद्यासारखी बारीक, रात्रीतून गाडीवर साय धरते. एका पिकअपच्या मालकाला कोड आठवत नव्हता आणि तो मला विचारत उभा होता. मी पट्टीकडे बघितलं तर पाचांतल्या तीन बटणांवर धूळ जशीच्या तशी आणि दोन बटणं अंगठ्यानं चकचकीत झालेली, त्यांतल्या एकाचा तर आकडाच पुसत आलेला. त्याचा ड्रायव्हर रोज तीच दोन बटणं दाबत होता. मी कोड काढून दिला तो रीतसर डब्यावरूनच, पण त्या दोन बटणांवरून कुणीही बत्तीस वेळांत दार उघडलं असतं. मुलाला सांगा, चार निरनिराळी बटणं येतील असा कोड ठेव आणि पट्टी अधूनमधून फडक्यानं पूस.

आपल्याकडे दाराला बटणं नसतील, पण गोष्ट तीच. मी परत येऊन मिरजेत गॅरेज टाकलं, त्यानंतर मेहुण्यासाठी जुना पिकअप बघून दिला, हळदीची पोती मार्केट यार्डात न्यायला. इंजिन ऐकलं, चेसिस ठोकून बघितली, बुश, लाइनर, सगळं तपासलं. किल्ली एकच मिळाली. "दुसरी सापडली की देतो," म्हणाले, मी मान डोलावली. महिनाभरानं एका पहाटे मेहुण्याचा फोन, दारातून गाडी गेली. चौकीला निघालोच होतो, तेवढ्यात साडेआठला गाडी आपली आपण दारात. आधीच्या मालकाचा ड्रायव्हर उतरला. रात्री त्याच्या बहिणीला कळा सुरू झाल्या, वाहन मिळेना, खिशात जुनी किल्ली होती. तिला मिरजेच्या दवाखान्यात पोचवून, टाकीत डिझेल टाकून तो गाडी परत घेऊन आला होता. हात जोडून उभा राहिला. त्याच्यावर रागवावंसं वाटेना, बहीण सुखरूप बाळंत झाली होती. पण मेहुण्याच्या आईचा चेहरा त्या तीन तासांत काळा ठिक्कर पडलेला मी बघितला होता. दुपारी बाराच्या आत इग्निशनचा आणि दोन्ही दारांचा बॅरल, म्हणजे किल्ली फिरते तो कुलपाचा गाभा, बदलून टाकला. तो खर्च मी माझ्या खिशातून केला, कारण मान मी डोलावली होती.

तेव्हापासून कुणी जुनी गाडी दाखवायला आणली की बॉनेट उघडायच्या आधी मी विचारतो, किल्ल्या किती? दुसरी नसेल तर बॅरल बदलण्याचे पैसे किमतीतून कापून घ्या, मग पुढचं बोला. चिपची किल्ली असेल तर शोरूममध्ये जुन्या किल्ल्या पुसून घेण्याचा खर्चही त्यातच धरा. तुमच्या मुलानं त्या विकणाऱ्याला अजून एकदा फोन करावा, कार्ड आणि किल्लीबद्दल विचारावं. सापडण्यासारखं असेल तर पहिल्या काही महिन्यांतच सापडतं.

प्रश्न : कऱ्हाडहून लिहितेय. आम्ही जुनी होंडा अकॉर्ड घेतली, २००८ची. बॅटरी बदलल्यापासून टेप कोड मागतोय. टेपच बदलावा लागेल असं गॅरेजवाले म्हणतात. खरं का?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : ताई, टेप बदलू नका. बॅटरीची वायर निघाली की चोरी झाली असं समजून तो टेप स्वतःला कुलूप घालतो, बिघाड काही नाही. कोडचं छोटं कार्ड किंवा स्टिकर डॅशबोर्डच्या कप्प्यात, गाडीच्या पुस्तकात चिकटवलेलं असतं, आधी तिथं नीट बघा. पुस्तकाची पानं झटका. नाही मिळालं तर किल्ली ऑन करा, टेप बंद असू द्या, १ आणि ६ ही बटणं एकदम दाबून धरून टेपचं चालू-बंदचं बटण दाबा. पडद्यावर टेपचा सीरियल नंबर दोन तुकड्यांत येईल. तो आणि गाडीची आरसी घेऊन होंडाच्या शोरूममध्ये जा, ते कोड देतील. मिळाला की आरसीच्या झेरॉक्सवर लिहून घरात ठेवा, गाडीत नको.